बाईंचा ताल चुकला
चांदूर बाजारकडच्या भजनी मंडळात देवानंद बोबड्यांच्या पखवाजाला तोड नव्हती. लेकाकडे अकोल्याला राहायला आल्यावर मात्र त्यांना कोणी विचारेना. मग बागेत अलमेलूबाई भेटल्या. कृषी विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांची ही तमिळ पत्नी दर रविवारी सकाळी कडुनिंबाखाली सतरंजी अंथरून कर्नाटक संगीत गायची. फिरायला आलेली माणसं ऐकत बसायची. देवानंदही बसू लागले.

एका रविवारी त्यांच्या साथीला येणारा नागपूरचा मृदंगवाला आला नाही. "मी धरतो साथ," देवानंद म्हणाले, "तालात का वेगळं असते?" आणि घरून पखवाज घेऊन आले.

बाईंचं गाणं समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, उठत नव्हतं. सम गेल्यावर अर्धी मात्रा सोडून शब्द येई. देवानंदांनी शब्दालाच सम समजून दणक्यात थाप दिली. लवकरच त्यांच्या ध्यानात आलं, आपण वाट सोडली. पण लोक पाहत होते, हात थांबेना. त्यांना सांभाळून घ्यायला बाईंनी ओळ मागे ओढली, पुढे लोटली, शेवटी गाणं अर्ध्यावरच सोडलं.

"बाईंचा ताल चुकला," ऐकणाऱ्यांतले नत्थुजी वकील मोठ्यानं म्हणाले, "पखवाज मात्र एक नंबर." आजूबाजूच्या माना हलल्या. बाई खाली पाहत राहिल्या. देवानंदांच्या ओठावर शब्द आले होते. ते गिळून त्यांनी पखवाजाला गवसणी घातली.

घरी अन्न गोड लागेना. सून दामिनी शेजारणीला सासऱ्यांचं कौतुक सांगू लागली, तसे ते उठून आत गेले.

पुढच्या रविवारी ते रिकाम्या हातांनी गेले. गाणं संपताच उभे राहिले. "मागच्या खेपेले बाई नाई, मी चुकलो होतो." बसलेल्यांत बहुतेक नवे होते, त्यांना काही उमगलं नाही. नत्थुजी आलेच नव्हते.

अलमेलूबाई भाजीबाजारात शिकलेल्या वऱ्हाडीत म्हणाल्या, "मले मालूम होतं, भाऊ. पन तुमी तवाच बोलाले पायजे होतं."

देवानंदांना मान वर करवेना. बाईंनी सतरंजीवर सरकून जागा केली, मांडीवर हातानं ताल कसा धरायचा ते दाखवलं. ते बसले. आता दर रविवारी बसतात. पखवाज नेत नाहीत.

नत्थुजी रस्त्यात भेटले की अजून त्यांच्या त्या साथीची तारीफ करतात. देवानंद दर वेळी खरं काय ते सांगतात. वकीलसाहेबांना तो त्यांचा विनय वाटतो.