दुसरी बाजू आधी

मिस्त्री पहिल्यांदा माझ्या नीट नजरेत आला तो त्याच्या काळ्या टी-शर्टमुळे. माझं शिवणयंत्र टाके सोडू लागलं होतं, म्हणून खालच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या, शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान असलेल्या या माणसाला बोलावलं. तो जमिनीवर मांडी घालून बसला, यंत्राचं डोकं आडवं केलं आणि हाताने चाक फिरवत कान जवळ नेला. मी मात्र त्याच्या छातीवरची अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होते. मुलांची हरतऱ्हेची अक्षरं वाचण्यात माझा जन्म गेला, पण हे काही लागेना. उपटलेल्या झुडपाची मुळं एकमेकांत गुंतावीत, तसं ते दिसत होतं.

"काय लिहिलंय हो?" शेवटी मी विचारलं.

"बँडचं नाव आहे, बाई."

"वाचता येत नाही."

"मलाही येत नाही. माहीत आहे म्हणून चालतं," तो म्हणाला आणि तेलाची कुपी मागितली.

त्या नावाचा आवाज पुढच्या रविवारी कळला. दुपारी माझ्या पायाखालची फरशी थरथरू लागली. वाटलं, कुणी भिंत फोडतंय. मग त्यात एक माणूस तळघरातून गुरगुरल्यासारखा ऐकू आला, आणि त्याच्यावर एका बाईचा आवाज, अगदी स्वच्छ: "त्या मेल्याच्या पोटात दुखतंय का? औषध तरी द्या त्याला कुणी!"

ती मिस्त्रीची बायको. तिचा धाकटा भाऊ घरांना रंग द्यायचं काम करी. ती त्याला बारक्या म्हणे आणि तो तिला ताई, म्हणून सगळी इमारत तिला ताई म्हणू लागली, आणि त्याला रंगारी. दर रविवारी नखांच्या कडेला कुठला ना कुठला रंग घेऊन रंगारी यायचा. दाजी आणि मेहुणा बाहेरच्या खोलीत समोरासमोर खुर्च्या मांडून बसायचे, आणि ताई स्वयंपाकघराचं दार धाडकन लावून घ्यायची.

या संगीताला डेथ मेटल म्हणतात, हे मला रंगाऱ्यानेच सांगितलं. माझी गॅलरी रंगवायला आला होता तेव्हा. गाणी कशाबद्दल असतात, असं विचारलं तर म्हणाला, "मरणाबद्दल. प्रेतं, कबरी, किडे. पोटभर."

"आणि मिस्त्रींसारख्या माणसाला ते आवडतं?" मिस्त्री म्हणजे मुंगीलाही वाट करून देणारा माणूस.

"दाजींना घरात ओरडायची सोय नाही ना, बाई. ताई आहे. म्हणून दुसऱ्याकडून ओरडून घेतात."

दोघांचा जीव होता तो एका थंड देशातल्या एकाच बँडवर. त्यातली माणसं आता साठीच्या पुढे गेली आहेत. त्यांना ऐकण्याची या दोघांची एक रीत होती, आणि ती एका चुकीतून आली होती. मिस्त्रीचं लग्न नुकतंच झालं होतं तेव्हा रंगाऱ्याने कुणाकडून तरी बँडच्या पहिल्या अल्बमची कॅसेट भरून आणली. भरताना त्याने दुसरी बाजू आधी भरली. त्यामुळे या दोघांच्या लेखी तो अल्बम एका संथ, जड गाण्यावर संपायचा. प्रत्यक्षात ते गाणं मधलं होतं. काही वर्षांनी सीडी हाती आली आणि खरा क्रम कळला. मिस्त्री खजील झाला. रंगारी मुळीच नाही. "चुकलेत ते, दाजी. आपण बरोबर आहोत."

तेव्हापासून बँडचा प्रत्येक नवा अल्बम पहिल्यांदा ऐकायचा तो मधून शेवटपर्यंत, आणि मग सुरुवातीपासून मध्यापर्यंत. ऐकताना बोलायचं नाही. एकट्याने ऐकायचं नाही. संपल्यावर आधी रंगाऱ्याने मत द्यायचं, मग मिस्त्रीने, आणि त्यानंतर भांडण.

गेल्या साली रंगारी आजारी पडला. यकृताचं दुखणं होतं, आणि कळेपर्यंत फार पुढे गेलं होतं. तो इस्पितळात असताना बँडचं एक नवं गाणं आलं, बऱ्याच वर्षांनी. अल्बम मागाहून यायचा होता. मिस्त्रीने ते फोनवर लावलं. इअरफोनचं एक टोक रंगाऱ्याच्या कानात, एक स्वतःच्या. "कसं वाटलं?" मिस्त्रीने विचारलं. रंगाऱ्याने डोळे मिटूनच मान हलवली. "शितावरून भाताची परीक्षा नको. सगळा येऊ दे, मग सांगतो."

सगळा आला तेव्हा सांगायला रंगारी उरला नव्हता.

सीडीचं पाकीट घरी आलं ते ताईच्याच हाती पडलं. तिने ते उघडून कव्हरवरच्या चित्रातला सांगाडा पाहिला आणि टेबलावर पालथं ठेवलं. "इतकी वर्षं हे मरणाच्या नावाने ओरडत होते, मी चालवून घेतलं," ती म्हणाली, "कारण मरण घरात आलं नव्हतं. आता या घरात हे लावायचं नाही."

मिस्त्रीने तिचं ऐकलं. तिचा भाऊ होता. महिनाभर ते पाकीट दुकानातल्या सुट्या सुयांच्या डब्यामागे पडून राहिलं. आमच्या इमारतीत रविवारची दुपार इतकी शांत झाली की झोप येईनाशी झाली.

मग एका दुपारी मिस्त्री छोटा सीडी प्लेअर काखेत मारून माझ्या दारात उभा राहिला. टी-शर्ट तोच, आता काळ्याचा करडा झालेला.

"बाई, रागावणार नसाल तर एक मागतो. तासभर माझ्याबरोबर बसाल?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मिस्त्री."

"कळायची गरज नाही. एकट्याने ऐकायचं नाही, एवढंच. मी एकट्याने लावला, तर त्याला सोडून ऐकल्यासारखं होईल. आणि ऐकलाच नाही, तर त्याचं ते 'सांगतो' तसंच लोंबकळत राहील."

"परीक्षेला पर्यवेक्षक बसतात, तसं बसायचं का?"

"अगदी तसंच," तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी हसला.

त्याने आवाज बारीक ठेवून सहाव्या गाण्यापासून सुरुवात केली. बारीक म्हणजे, कपाटातली भांडी वाजत नव्हती इतकाच. मी समोरच्या खुर्चीत हात जुळवून बसले. ओल्या लाकडात गंजलेली करवत अडकावी तशी गिटार, आणि खाली ढोल, इतके जलद की एकेक ठोका वेगळा काढता येत नव्हता. मिस्त्री मान खाली घालून ऐकत होता. त्याचा उजवा हात मांडीवर चाक फिरवल्यासारखा हलत होता.

दुसरं गाणं अर्ध्यावर आलं असेल, तेव्हा दारावर थाप पडली. मिस्त्रीने बटण दाबलं. दारात ताई होती, पिठाच्या हातांनी तशीच आलेली.

मी उठले. आता काय होईल याचा अंदाज येत नव्हता. मिस्त्री म्हणाला, "बंद करतो. जातो खाली."

ताईने आधी प्लेअरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "दुसरी बाजू आधी लावलीत ना?"

"हो."

"मग बंद कशाला केलंत? मधेच थांबवलं की तो चिडायचा."

ती आत आली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसली. मिस्त्रीने ते गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग आम्ही तिघं काही न बोलता शेवटपर्यंत गेलो, आणि तिथून सुरुवातीला आलो. शेवटचं, म्हणजे त्यांच्या हिशेबाने शेवटचं गाणं संथ होतं. त्यात गाणाऱ्याचा श्वास ऐकू येत होता. एका ओळीवर त्याचा आवाज सरळ फाटला, आणि त्याने तो तसाच राहू दिला होता. ताईच्या हातावरचं पीठ एव्हाना वाळलं होतं. ती ते नखाने खरवडत होती.

गाणं संपलं. आधी बोलायचं ते रंगाऱ्याने, हे मला आठवलं आणि मिस्त्रीकडे बघवेना.

"त्याला ढोल आवडले नसते," ताई म्हणाली.

मिस्त्रीने वर पाहिलं. "काय?"

"ढोल. हा कुणी नवा पोरगा घेतलाय ना? फार सफाई आहे. बारक्याला तो जुना म्हातारा आवडायचा, मधेच अडखळणारा. तो अडखळला की बारक्या हसायचा. मला आत ऐकू यायचं."

"तू दार लावून घ्यायचीस."

"दाराला कान नसतात, मला आहेत. तिसरं गाणं त्यांनी आधी केलेलं आहे, जरा फिरवून. हेही तो बोलला असता. आणि हे आत्ताचं..." तिने प्लेअरकडे बोट केलं. "हे त्याने पुन्हा लावायला सांगितलं असतं."

मिस्त्रीने चष्मा काढून टी-शर्टच्या टोकाला पुसला. नियमाप्रमाणे आता त्याची पाळी होती.

"मला ढोल आवडले," तो म्हणाला. "पोरगा शिलाई मशीनसारखा वाजवतो. एक टाका सुटत नाही. पण अल्बम म्हणाल तर पहिल्या दोन-तीनांच्या पासंगालाही पुरत नाही. म्हातारे झालेत. गाणाऱ्याचा आवाज बसलाय. फक्त त्याने लपवलेला नाही, आणि तिथे मला ते खरे वाटले. आजवर मरणाबद्दल ओरडायचे. या एका गाण्यात त्याला ते ठाऊक झाल्यासारखं वाटतं."

"शिलाई मशीन म्हणे," ताई म्हणाली. "बारक्याने तुम्हाला जिन्यावरून ढकललं असतं."

"ढकललं असतं," मिस्त्री म्हणाला. "मग पुन्हा आला असता."

ताईने तोंडाला पदर लावला. पहिल्यांदाच ती मोकळी रडली, असं मिस्त्रीने मला नंतर सांगितलं. दवाखान्यातही नाही, नंतरही नाही. मी पाणी आणायला आत गेले आणि जरा जास्तच वेळ लावला. बाहेर आले तेव्हा तेच संथ गाणं पुन्हा चालू होतं.

हल्ली रविवारी दुपारी माझी फरशी पुन्हा थरथरते. मिस्त्री बाहेरच्या खोलीत बसतो, ताई आत पोळ्या लाटते, आणि स्वयंपाकघराचं दार उघडं असतं.