उलट लावलेला फोन

आमच्या प्रोग्रॅमसाठी राबणाऱ्यांत माझं डोकं सगळ्यात जास्त कुणी उठवलं असेल, तर नायगावच्या वकिलांनी. त्यांना कोडची एक ओळ लिहिता येत नाही, तक्रारी मात्र रोज. अक्षरं बारीक आहेत, हिरवा रंग डोळ्यांना खुपतो, मध्येच हे बटण कशाला. मी नांदेडला कॉम्प्युटरचे क्लास घेते. दिवसभर पोरांच्या चुका काढून घरी यावं, तर हे माझ्या चुका काढायला बसलेले.

प्रोग्रॅम साधा आहे. वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार अशी सूचना आली, की गोदावरीकाठच्या गावांत नोंदवलेल्या सगळ्या नंबरांवर आपोआप फोन जातो. पाणी उपसायच्या मोटारी वर घ्या, नदीत थांबू नका, एवढंच त्यात सांगितलेलं असतं. दादाची शेती नदीला लागून आहे, म्हणून मी तो लिहायला घेतला. कोड सगळ्यांना खुला ठेवला. कुणीही वाचावा, बदल सुचवावा, फुकट घेऊन जावा.

मला वाटलं होतं, कोड लिहिणारेच येतील. तसा एकच टिकला. मूळचा लातूरचा, आता पुण्यात नोकरीला. हात सोन्याचा आणि तोंड कडू. बाकीचे तऱ्हेतऱ्हेचे. कुणी एकदाच येऊन शुद्धलेखन सुधारून गेला, कुणी फक्त शाबासकी देऊन गेला. वकील होतेच. आणि एक होती माझी वहिनी, जिला ती यात आहे हेच माहीत नव्हतं.

आधी फोनवर माझा आवाज होता. लोकांना वाटायचं बँकेतून बाई बोलतेय, लगेच फोन ठेवायचे. मग एकदा गावी गेले असताना वहिनी भाकरी थापत होती, तिच्या तोंडासमोर मोबाइल धरला आणि म्हटलं, दादा नदीत आहे आणि पाणी येतंय, काय म्हणशील ते बोल. ती बोलली, “पाणी सोडलंय वरून. मोटारी वर घ्या. नदीत थांबू नका, लवकर वर या.” तेच घातलं. लोक ऐकायला लागले. प्रोग्रॅमच्या पानावर मदत करणाऱ्यांची नावं असतात, तिथे मी वहिनीचं नाव टाकायला गेले, तर लातूरकर म्हणाला, “उद्या चहा देणाऱ्याचंही टाकशील. काम केलं त्यांचीच नावं ठेवू.” मी त्याच्याशी चांगलीच भांडले.

याच सुमारास वकिलांची तक्रार आली. आमच्याकडे नात्यागोत्यातला फोन आला, की बरेच जण तो कट करून आपण उलट लावतात. समोरच्याला भुर्दंड नको म्हणून. आता फोनला पैसे पडत नाहीत, तरी सवय तीच. आणि घरातल्यासारखा बाईमाणसाचा आवाज ऐकला, तर हटकून. वकिलांनी लिहिलं, “लोक तुमच्या वहिनीचा मान ठेवून फोन कट करायलेत आणि उलट लावायलेत. तिकडं नुसती घंटी वाजायली. ह्याचं काही करा.”

लातूरकराचं उत्तर तयार होतं. हा प्रोग्रॅमचा दोष नाही, लोकांची सवय आहे. मग उदगीरकडचा कुणी अनोळखी माणूस आला. उलट फोन लावला तरी निरोप ऐकू येईल असा बदल लिहून दिला आणि जो गेला तो गेलाच. विचारलेल्या एका प्रश्नाला उत्तर नाही. लातूरकर म्हणाला, “लिहिणाराच गायब, जबाबदारी कुणाची? तपासल्याशिवाय घ्यायचा नाही.” त्याचंही चूक नव्हतं. बदल तसाच पडून राहिला.

त्या सकाळी नांदेडात लख्ख ऊन होतं. पाऊस पडला होता वर, लांब. सूचना आली, दरवाजे उघडतायत. प्रोग्रॅम फोन लावायला लागला आणि मी दादाला लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. वहिनीला लावला.

“ते मघाशीच गेले नदीत,” ती म्हणाली. “मोटार गाळात फसलीय. फोन गाडीच्या डिकीत ठिवत्यात ना, भिजू नये म्हणून.”

मी म्हटलं, “वहिनी, पाणी सोडलंय.”

फोन टाकून ती पळाली, एवढं मला कळलं. शेजारीपाजारी कुणी उचलेना, सगळे रानात. आता माझी दोन माणसं नदीकडे आणि मी नांदेडात खुर्चीवर. समोर स्क्रीनवर नंबर सरकत होते. कट, कट, उचलला नाही, कट. वकील म्हणत होते तेच डोळ्यांदेखत चाललं होतं. लोक उलट फोन लावत होते आणि तिकडे नुसती घंटी.

मी लातूरकराला फोन केला. म्हटलं, उदगीरवाल्याचा बदल आत्ता घालतेय.

“येडी झालीस काय? फोन सुरू असताना? बिघडलं तर एकही फोन जायचा न्हाई!” एरवी पुणेरी बोलणारा हा माणूस घाबरला, की लातूरचं बोलतो.

“दादा नदीत आहे,” मी म्हणाले.

त्याने तो बदल उघडला. मग म्हणाला, “थांब. फोन ठेवू नको. मी वाचायलोय.” एकेक ओळ वाचत गेला. मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडून उपयोग नव्हता. मध्येच तो म्हणाला, “हे बघ, पहिल्यानं निरोप ऐकला की लाइन बंदच पडते. दुसऱ्याला काही ऐकू येणार न्हाई.” त्याने ते दुरुस्त केलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, “घाल.”

घातला. नवे फोन जात राहिले. आणि उलटे येणारेही लागायला लागले, एक, मग पाठोपाठ कितीतरी. मी दादाचा नंबर शोधत होते. तो दिसत नव्हता. मनात नको ते येत होतं. मग दिसला. उलट लावलेला. निरोप पूर्ण ऐकला.

पुढचा फोन आला तो वहिनीचाच, दादाच्या मोबाइलवरून. तिला बोलता येत नव्हतं, धापा टाकत होती. मागे दादा तिच्यावरच चिडलेला ऐकू येत होता, “आत्ता तर फोनवर बोलायलीस, तू हितं कशी?”

दादा पाना घ्यायला वर आला होता. डिकी उघडली तर मोबाइलवर मिस्ड कॉल, माझे आणि प्रोग्रॅमचा. मला लावला, तर मी लातूरकराशी बोलत होते, लाइन बिझी. म्हणून दुसरा नंबर लावला. तिथे त्याची बायको म्हणाली, लवकर वर या. तो तिथेच थांबला. थोड्या वेळात पाणी आलं आणि मोटार गेली. मी नंतर विचारलं, माझा फोन लागला असता तर? म्हणाला, “तुला म्हन्लो असतो, आलोच, एवढी मोटार काढतो.”

मी रडले. मोटारीसाठी नाही, हे सांगायला नको.

लातूरकराने स्वतःच्या हाताने वहिनीचं नाव पानावर घातलं. वकिलांचंही, आणि उदगीरच्या माणसाचं नाव माहीत नाही तर ‘उदगीरचे एक’ असं. वकिलांनी दुसऱ्याच दिवशी तक्रार केली, माझं नाव फार खाली आहे. मी पहिल्यांदाच त्यांच्या तक्रारीवर हसले.

मग त्यांची आणखी एक आली. पाणी सोडलेलं नसताना कुणी प्रोग्रॅमच्या नंबरावर फोन लावला, तर काय ऐकू येतं? काहीच नाही. कोण कशाला लावेल, म्हणून मी नोंदी पाहिल्या, तर एका नंबरावरून रोज सकाळी फोन येत होता. दादाचा. नदीत उतरण्याआधी लावत होता.

म्हणून वहिनीला पुन्हा बोलायला बसवलं. ह्या वेळी भाकरी बाजूला ठेवून, पदर सावरून बसली. मी सांगितलं होतं एकच वाक्य. ती म्हणाली, “आज पाणी सोडलं न्हाई. उतरा.” आणि मी बंद करायच्या आत, “पर लवकर घरी या.”

लातूरकराने विचारलं, शेवटचं काढायचं का, ती काही माहिती नव्हे. त्याने विचारलं, पण काढलं नाही. मीही नाही.