वजन उतरलं, आणि दोर हातातून सुटला

“वजन कमी झालंय खरं, आक्का, पण चुकीचं झालंय,” असं बेळगावचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला आधी हसू आलं. वजन कमी होण्यात चूक कसली? वर्षभर ज्याच्यासाठी पोट मारलं, ते चुकलं म्हणे! मग त्यांनी कागदावर दोन आकडे दाखवले आणि माझं हसू गेलं. चरबी थोडीच उतरली होती. बाकी जे उतरलं होतं, ते स्नायू होते.

“याला सार्कोपेनिया म्हणतात. म्हणजे स्नायू झिजणं, त्यांची ताकद जाणं. तुमचं पोट अजून आहे तिथंच आहे बघा. हातपाय गेले.”

तुमच्यापैकी कुणी सध्या वजन उतरवत असेल, म्हणून हे सगळं लिहिते आहे. माझं काय झालं ते ऐका.

आम्ही सदलग्याजवळच्या एका गावचे जैन. मला साखर निघाली, पाठोपाठ फॅटी लिव्हर निघालं. म्हणजे यकृतात चरबी साठलेली. निपाणीच्या डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. कसं उतरवायचं ते मी विचारलंच नाही. आमच्याकडे ते कुणाला विचारावं लागतं? मी सरळ बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात जाऊन, देवासमोर हात जोडून एकाशनाचा नियम घेतला. एकाशन म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं. आजारही जाईल आणि पुण्यही पदरात पडेल, असा माझा हिशेब होता.

त्या एका जेवणात तरी काय असायचं? भाकरी, भाजी, भात आणि पातळ आमटी. दूध मी चरबीच्या भीतीने बंद केलं. काम सुनेवर टाकलं, कारण अंगात त्राणच नसायचं. पण काटा भराभर खाली येत होता. पोलकी सैल झाली. बस्तीत बायका म्हणायच्या, “लई वाळलीस की गं, बेस दिसत्यास!” मला मूठभर मांस चढायचं. खरं तर ते उतरत होतं, पण तेव्हा कुणाला माहीत!

मग चातुर्मासात आमच्या घरी माताजींच्या, म्हणजे गावात मुक्कामाला असलेल्या साध्वींच्या, आहाराचा दिवस आला. ज्या घरी साधूंचा आहार होतो, त्या घरच्या माणसाने सोवळ्यात विहिरीचं पाणी स्वतः ओढायचं, गाळायचं आणि त्यातच स्वयंपाक करायचा, अशी आमची रीत. नळाचं पाणी चालत नाही. लग्न होऊन आल्यापासून ते पाणी मीच ओढत आले. त्या दिवशीही बस्तीमागच्या विहिरीवर रहाटाला बादली लावली. बादली निम्म्यावर आली आणि माझी बोटं उघडली. मी उघडली नाहीत, ती आपोआप उघडली. दोर सरसर गेला, खाली धप्पकन आवाज झाला.

माझी सून स्मिता सोवळ्यातच होती. तिने दोर हातात घेतला आणि पाणी ओढलं. मी रिकामी घागर धरून उभी राहिले. आहार नीट झाला, पण नंतर पाटावरून मला उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून उठवलं. मला भयंकर लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. आज पाणी गेलं, उद्या न्हाणीतून उठणंही जाईल, हे मला स्पष्ट दिसलं.

म्हणून बेळगाव गाठलं. दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून बसून पाठ धरली. आत एक मूठ आवळायचं यंत्र दिलं, त्याने हाताची पकड मोजतात. हात छातीशी बांधून खुर्चीतून पुन्हा पुन्हा उठायला लावलं, तर मी लवकरच थांबले. मग एका यंत्रावर उभं केलं. ते शरीरात चरबी किती, स्नायू किती हे सांगतं. या तपासणीला बॉडी कॉम्पोझिशन म्हणतात. साधा काटा एवढं सांगत नाही. तो फक्त वजन सांगतो.

डॉक्टर म्हणाले, “अन्न एकदम तोडलं आणि काम पण बंद केलं, की शरीर चरबीसोबत स्नायूही मोडून खातं. तुमची चरबी अजून उतरवायची आहे, पण हळूहळू. दिवसातून तीन वेळा जेवण, प्रत्येक जेवणात प्रोटीन, आणि वजन ओढायचा व्यायाम. साखरेच्या गोळ्या घेऊन एकदाच जेवणं तर धोक्याचं आहे.”

प्रोटीन म्हणजे स्नायू बांधणारं अन्न. डॉक्टर अंड्याचं नाव घेणार होते, माझ्याकडे बघून थांबले. मग डाळी, हुलगे म्हणजे कुळीथ, दही, पनीर, सोयाबीन, शेंगदाणे असं सांगत गेले. एवढं प्रोटीन किडनीला झेपेल का, याची त्याआधी तपासणी केली. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही वाढवू नका.

सगळं पटलं, पण माझा नियम? देवासमोर घेतलेला नियम डॉक्टरांच्या चिठ्ठीने मोडायचा? घरी आमचे हे म्हणाले, “देव काय तुझी भाकरी मोजाय बसलाय व्हय?” त्यांना बोलायला काय जातंय! मी तडक माताजींकडे गेले आणि विहिरीवरचं सगळं सांगितलं. सांगताना रडले.

माताजी शांतपणे म्हणाल्या, “एक वेळचा आहार हा आमचा मार्ग आहे. तुझ्या अंगावर औषध आणि संसार दोन्ही आहेत. नियम सोडू नकोस, बदलून घे. दिवस मावळायच्या आत डॉक्टर सांगतील तेवढ्या वेळा जेवायचं, आणि ताटात डाळ आल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही. जमेल?”

मी म्हटलं, “जमवीन.” नियम कसा पाळायचा हे मला कुणी शिकवायला नको.

आमटी घट्ट झाली. सकाळी मुगाचं धिरडं, दुपारी दह्याची वाटी, संध्याकाळी उन्हं असतानाच हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाईंनी एक रबरी पट्टा दिला होता. तो खिडकीच्या गजाला बांधून मी रोज दोर ओढल्यासारखा ओढायची. खुर्चीतून हात न टेकता उठायची. आमचे हे मला पैलवान म्हणू लागले. म्हणोत!

पहिला महिना काटा जागचा हलला नाही. गुडघे दुखले. आपण खाऊन खाऊन पुन्हा फुगणार, या धास्तीने मी एकदा ताट ढकललं. स्मिताने ते परत पुढं सरकवलं. “आत्ती, नियम हाय न्हवं?” मग काय, जेवले. पुढच्या तपासणीत वजन तेवढंच होतं, पण कमरेचा घेर उतरला होता आणि पकड वाढली होती. डॉक्टरांनी तो कागद माझ्याकडे ढकलला आणि मनापासून हसले. त्यानंतर वजनही सावकाश उतरू लागलं.

यंदाच्या चातुर्मासात माताजींचा आहार पुन्हा आमच्याकडे आला. विहिरीवर स्मिताने दोराला हात घातला.

“आत्ती, मी वढू?”

“तू गाळणं धर.”

निम्म्यावर आल्यावर दंड भरून आले, तळवे पेटले. मी दात आवळले आणि ओढत राहिले. बादली काठावर घेतली, तेव्हा स्मिताच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. त्या पोरीने वर्षभर सगळ्यांच्या आधी माझी डाळ शिजवली, तिचे उपकार मी कधी विसरायची नाही.

आहारानंतर बस्तीतली एक बाई मला खालीवर न्याहाळून म्हणाली, “यंदा काय वाळली न्हाईस गं?”

“न्हाय,” मी म्हटलं. “यंदा पाणी मी वढलंय.”