फुलीवाली

ऑफिसात तिला सगळे फुलीवाली म्हणायचे. मोबाइलवर जाहिरात आली की ती बंद करायची बारीक फुली कुठे, केवढी आणि किती सेकंदांनी दिसावी, हे ठरवायचं, एवढंच तिचं काम. सुरुवातीला तीन सेकंद होते, वरून रेटा आला तसे सात झाले. तक्रारी आल्या की ॲपवाले जाहिरातवाल्यांकडे बोट दाखवत, जाहिरातवाले ॲपवाल्यांकडे; आणि ही मुकाट्याने फुली आणखी बारीक करून द्यायची. बारा वर्षांत भांडायचं त्राणच उरलं नव्हतं.

घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज गेला तो गेलाच. आत्याला दिसत नव्हतं. म्हणजे भावाला बोलता येईना, बहिणीला वाचता येईना. सगळी भिस्त एका फुकटच्या ॲपवर. बाबा टाइप करायचे, ॲप ते मोठ्याने म्हणायचं.

आत्याचं हृदयाचं ऑपरेशन होतं, त्या सकाळी तिचा फोन आला. हिने तो स्पीकरवर टाकून बाबांच्या मोबाइलजवळ धरला.

"दादा, आत नेतायत रे मला. बोल ना काहीतरी."

बाबांनी टाइप केलं, बटण दाबलं.

"घराला द्या नवा रंग!" मोबाइल ओरडला.

"दादा? हे कोण बोलतंय?"

लिहिलेलं सगळं जाहिरातीखाली गेलं होतं. बाबा कोपऱ्यात बोट आपटत राहिले. "आत्या, एक मिनिट थांब," म्हणत हिने मोबाइल हिसकावला. फुली उगवली. हिचंही बोट निसटलं आणि रंगाचं दुकान उघडलं.

"राहू दे गं, आले हे लोक," आत्या म्हणाली. फोन बंद झाला.

दुकान मिटल्यावर खाली बाबांचं वाक्य तसंच होतं: घाबरू नकोस, मी आहे ना.

तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. बाबांनी मोबाइल परत घेतला आणि नवं वाक्य लिहिलं. या वेळी ॲपने ते निमूट म्हटलं.

"ही फुली एवढीशी कोण करतं गं?"

जाहिरातवाले, ॲपवाले, वरचे साहेब, सगळे तिच्या जिभेवर आले. पण आता कंटाळा आला होता त्याचाही.

"मी करते, बाबा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून ते बराच वेळ टाइप करत राहिले. शेवटी त्यांनी बटण दाबलं, आणि पडद्यावर पुन्हा रंगाचा डबा आला. दोघंही फुली दिसायची वाट बघत बसली.