आमच्या दिनकरच्या हातचं

वंदनाचा फोन आला तेव्हा मी चिखलीत माझ्या घरी जेवणं उरकून भांडी आवरत होते. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "ताई, यायचा हात गार लागून राह्यला... तुम्ही या." माझा धाकटा भाऊ दिनकर, वंदनाचा नवरा, धामणगाव बढ्याला आमच्या माहेरच्या घरात पलंगावर बसल्या बसल्या गेला होता. चाळिशीही पुरती ओलांडली नव्हती. मिळेल त्या गाडीने मी पोचेपर्यंत अंगण माणसांनी भरलं होतं. झटका आला असं डॉक्टर म्हणाले. अशा वेळी सगळीकडे जे होतं तेच तिथे चाललं होतं. फक्त एक गोष्ट वेगळी झाली होती, आणि ती वंदनाने मला राख सावडून आल्यावर, मागच्या खोलीत दार लोटून सांगितली. दिनकर गेला तेव्हा त्याच्या बोटांत सुई होती. मांडीवर भरतकामाची लाकडी रिंग होती आणि रिंगेत एका नवरीच्या ब्लाउजचं कापड ताणलेलं होतं. तिने त्याला हलवलं, हाका मारल्या, मग तिला कळलं. आणि शेजाऱ्यांना बोलवायच्या आधी तिने त्याच्या बोटांतून सुई सोडवली, रिंग पलंगाखाली सरकवली, त्याच्या कपड्यांवरचे रेशमाचे तुकडे पदराने झाडले आणि मगच दार उघडलं. "सवयच पडली होती ना ताई," ती म्हणाली. "कोनी दारात आलं का पयले ते लपवायचं. माहे हात आपोआपच गेले..."

आमच्या घराच्या दारावर 'वंदना एम्ब्रॉयडरी' अशी पाटी आहे. मोताळ्यापासून मलकापूरपर्यंतच्या नवरी मुलींचे ब्लाउज या घरात भरले गेले. पण त्यातला एकही टाका वंदनाचा नाही. सगळं काम दिनकरचं. हे का लपवावं लागलं, हे सांगायचं तर मागे जावं लागेल.

आमच्या बाबांची भाजीची शेती. वांगी, मिरच्या, मेथी, कोथिंबीर. पिकवायचं आणि बाजारात स्वतः बसून विकायचं. आई आम्ही लहान असतानाच गेली. दिनकर एकुलता एक मुलगा, तेव्हा वावर तोच पाहणार हे त्याच्या जन्मापासूनच ठरलेलं. शाळेत असताना तो ट्रॉलीवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. बाबांनी त्याला खांद्यावर घेऊन कुठले कुठले दवाखाने पालथे घातले, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पाय जुळला, पण आखूड राहिला. ढेकळांतून चालणं त्याला जमेना, आणि वावर सुटलं ते सुटलंच. त्या पडून राहण्याच्या काळात तो कुबडी घेऊन आमच्या घरामागच्या रहीमचाचांच्या ओसरीवर जाऊन बसायचा. चाचा जरीकाम करायचे. सुरतेला राहून शिकून आले होते. लग्नाच्या ओढण्या, दर्ग्यावर चढवायच्या चादरी असं काम त्यांच्याकडे असायचं. आधी दिनकर नुसता बघत बसायचा, मग सुईत दोरा ओवून द्यायला लागला, आणि एके दिवशी चाचांनी चादरीचा एक कोपरा त्याच्या पुढ्यात सरकवला. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या तोंडावर असं काही होतं, की पाय मोडल्यापासून मी तसं पाहिलं नव्हतं.

बाबांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. ते ओरडणारे नव्हतेच. म्हणाले, "शिंपीकाम शिकतो का? शीक. मशीन घेऊन देतो. पन हे फुलंपानं काढनं बायकायचं काम हाये." दिनकरने हे चाचांना सांगितलं. चाचा हसले. "बेटा, हमारे में तो ये काम मर्दच करते. शरम कायकी?" पण चाचांच्या घरातली रीत आमच्या घरात कशी लागू होणार? दिनकर गावातल्या कापड दुकानात मापं काढायला लागला आणि घरी आला की मागच्या खोलीत बसून जुन्या कापडावर काहीबाही भरायचा. अंबाडीचं फूल, तुरीची शेंग, कापसाचं फुटलेलं बोंड. पुरं झालं की बाबांना दिसू नये म्हणून उसवून टाकायचा. छापील नमुना त्याने कधी घेतला नाही. "छापलेलं तं कोनीबी भरते ताई," म्हणायचा. "मले ते आधी डोक्यात दिसलं पाह्यजे."

मग त्याचं लग्न झालं. वंदना मशीनवर साड्यांना फॉल-पिको करायची. घरबसल्या तेवढाच तिचा हातभार. एकदा शेजारच्या एका मुलीचा ब्लाउज तिच्याकडे हुक लावायला आला होता, आणि दिनकरने गंमत म्हणून त्याच्या गळ्याभोवती रेशमाची बारीक वेल काढली. ती मुलगी आईला घेऊन आली. दोघी हरखल्या होत्या. "कोनं काढलं हो हे?" आईने विचारलं. दिनकर तिथेच उभा होता. तो तोंड उघडणार एवढ्यात ओसरीतून बाबा बोलले, "सुनेनं. भल्ली हुशार हाये सून आमची." झालं. त्या एका शब्दावर पुढचं सगळं उभं राहिलं. वंदनाने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने खाली. त्या बाईने लगेच आपल्या पुतणीच्या लग्नाचं काम सांगितलं, ते पाहून आणखी कोणी आलं. पाटीही बाबांनीच रंगवून आणली. घरातल्या कामाची वाटणीही आपसूक ठरली. बाया यायच्या, वंदना त्यांच्याशी बोलायची, रंग कोणता, काठ कसा, नवरी गोरी की सावळी, हे सगळं विचारून घ्यायची आणि आत जाऊन दिनकरला सांगायची. त्याने दुकान सोडलं. लोकांना सांगायचं, पायाचा त्रास वाढला म्हणून. दिवसभर तो मागच्या खोलीत पलंगावर. मी माहेरी गेले की त्याच्याजवळ बसायची. तो कापड हातात घेऊन कितीतरी वेळ नुसता बघत राहायचा, मग एकदम सुरू करायचा. त्या वेळी तो सुखी होता, हे मला सांगितलंच पाहिजे. पण अंगणात चपलांचा आवाज आला की त्याचा हात थांबायचा.

हे असंच चाललं असतं. पण बुलढाण्याला महिलांच्या वस्तूंचं एक प्रदर्शन भरलं. बचत गटातल्या बायांनी वंदनाचं नाव दिलं. मीही चिखलीहून गेले होते. टेबलावर मांडलेले ब्लाउज पाहायला ही गर्दी झाली. दुपारी तिला स्टेजवर बोलावून शाल पांघरली, नारळ दिला. दिनकर मागे खांबाला टेकून, पिशव्या सांभाळत उभा होता आणि टाळ्या वाजवत होता. मग पाहुण्या बाईंनी हौसेने कोणाकडून तरी रिंग मागवली आणि म्हणाल्या, "वंदनाताई, आमच्या भगिनींना एक-दोन टाके घालून दाखवा बरं." वंदनाने सुई हातात घेतली. तिने सुई कापडात खुपसली ती सरळ तिच्या बोटातच गेली. पांढऱ्या कापडावर रक्ताचा ठिपका उमटला. आणि मग दिनकर पाय ओढत स्टेजपाशी आला, हात जोडून म्हणाला, "मॅडम, तिच्या मनगटाले लचक भरली हाये. डॉक्टरनं आराम सांगतला." पाहुण्या बाई हळहळल्या, पुन्हा टाळ्या झाल्या.

बसस्टँडवर वंदना आमच्यापासून लांब बसली होती. शाल तिने पिशवीत कोंबली होती. मी जवळ गेले तेव्हा ती माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलली. "मले शाल पांघरली ना, तं असं वाटलं का कोनाच्या दोरीवरचं लुगडं उचलून आनलं मी. आजच्या आज बाबाले सांगा. नाही तं ही पाटी मी काढून फेकतो."

"सांगतो," दिनकर म्हणाला.

त्याने सांगितलंही. मी त्या दिवशी त्यांच्यासोबतच माहेरी गेले होते. बाबा उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होते. दिनकर त्यांच्यासमोर बसला. "बाबा, पाटीवर माह्यं नाव टाकतो आता. काम माह्यं हाये." बाबांनी जुडी पुरी बांधली, बाजूला ठेवली. "टाक ना," ते म्हणाले. "फक्त एवढं सांग, मंग मी बाजारात कोन्या तोंडानं बसू? लोक म्हनतीन, पोराचा पाय गेला अन् पोरगं बाईच झालं." त्यांचा आवाज मोठा नव्हता. डोळ्यांत पाणी होतं. दिनकर उठला आणि मागच्या खोलीत गेला. मी त्याच्या मागे गेले तर म्हणाला, "जाऊ दे ताई. त्यायनं मले खांद्यावर वागवलं... त्यायले आता काय दुखवू?" त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. पाटी होती तशीच राहिली. पण वंदनाने एक केलं. तिच्यासाठी भरायला घेतलेला ब्लाउज तिने त्याच्या हातातून काढून घेतला आणि दुसऱ्या बाईला दिला. तुमच्या हातचं अंगावर घालून मी लोकांसमोर खोटं मिरवणार नाही, म्हणाली. दिनकरला ते फार लागलं. त्यानंतर त्याचं हसणं कमी झालं.

तेरवी होऊन गेल्यावर गावातल्या मंगलाबाई आल्या. मरताना दिनकरच्या मांडीवर होता तो ब्लाउज त्यांच्या मुलीचा, आणि लग्न तोंडावर आलेलं. बिचाऱ्या संकोचून दारातच उभ्या राहिल्या. "वंदना, तुह्यावर असा वखत आला, कोन्या तोंडानं मागू... पन झाला तेवढा दे. राह्यलेलं दुसऱ्याकून करून घेतो." वंदना आत गेली, पलंगाखालून कापड काढून घेऊन आली. उजवी बाही पूर्ण भरलेली, गळा भरलेला, डावी बाही कोरी. बाबा ओसरीत भिंतीला टेकून बसले होते. वंदना त्यांच्याकडे न बघता स्पष्ट म्हणाली, "काकू, हे मी नाही केलं. मले हे येतच नाही. आजवर सारं यायनंच केलं."

मंगलाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "मालूम हाये मले."

"काय मालूम हाये?"

"साऱ्यायलेच मालूम होतं, वंदना. कापड दुकानात होता तवापासूनच दिनकरच्या बोटाले सुईचे घट्टे दिसत. तुह्ये हात कसे गुळगुळीत. कोन्या बाईले समजनार नाही? तुम्ही लपवत होते, तुमाले वाईट वाटू नये म्हनून आम्ही गप होतो."

मी बाबांकडे पाहिलं. ते मंगलाबाईंकडे बघत होते, जणू त्या काय बोलल्या ते त्यांना नीट ऐकूच आलं नव्हतं. गावाला माहीत होतं. गाव हसलं नव्हतं. आणि ज्याला हे कळायला हवं होतं तो ते न कळताच गेला. मंगलाबाई ब्लाउज घडी करत म्हणाल्या, "डावी बाही कोरी राह्यली तं राहू दे. दुसऱ्याचा हात नाही लावत आता याले. तशीबी तिच्यावरून पदर येते."

त्यानंतर बाबा काही दिवस वावरात गेले नाहीत. एके सकाळी त्यांनी वंदनाला विचारलं, "त्यानं भरलेलं एखांदं घरात हाये का? पाह्यलं असतं." वंदनाने पेट्या उघडल्या, कपाट उपसलं. काही नव्हतं. जे केलं ते सगळं लोकांच्या घरी गेलं होतं, आणि तिच्यासाठी म्हणून जे होणार होतं ते तिनेच होऊ दिलं नव्हतं. ती तिथेच कपाटासमोर खाली बसली. पोराने इतकी वर्षं काय केलं, ते बाबांनी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. आणि आता ते होतं गावोगावच्या बायांच्या पाठीवर आणि दंडांवर. म्हाताऱ्या, मर्यादेच्या माणसाने तिथे नजर कशी टाकावी?

गेल्या आठवड्यात बाबा दिनकर गेल्यापासून पहिल्यांदा बाजारात बसले. मी सोबत होते. एक बाई वांगी निवडायला समोर बसली. तिची बाही मी लांबूनच ओळखली. बाबांना हळूच म्हटलं, "बाबा, तिचा ब्लाउज दिनकरचा आहे." बाबांची मान आणखीच खाली गेली. ते तराजूची साखळी सारखी करत राहिले. त्या बाईने ऐकलं असावं. तिने हातातली वांगी टोपलीत टाकली, पदर सावरला आणि उजवा हात बाबांच्या समोर धरला. "पाहा ना काका. तुमच्या दिनकरनं काढलं हे."

बाबांनी आधी धोतराला हात पुसले, मग चष्मा लावला. बाहीच्या कडेला हिरव्या देठांवर लहान लहान पांढरी फुलं होती, सगळी खाली झुकलेली. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मिरचीचं फूल हाये. खालीच पाह्यते ते. बरोबर काढलं त्यानं..." त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "वावरात तं तो येतच नव्हता. हे त्यानं कवा पाह्यलं असन?"

ती बाई हात तसाच धरून बसली होती, आणि बाबा पुन्हा त्या फुलांवर वाकले.