डॅशबोर्डवरचा पितळी बैल

बोलतेय मी, लिहितेय नात सुनीता. मला अक्षर येत न्हाई.

दुपारी चौसाळ्याजवळ पुढच्या पाण्याच्या टँकरनं ब्रेक मारला आन् सुनीता चालवत असलेली आमची कार त्याच्यावर आदळली. माझ्या म्होरचा डॅशबोर्ड फाटून आतनं फुगा आला. अशी थोबाडीत बसली की नाकातनं रक्त! आमच्या ह्यांनीसुदा कधी हात उचलला न्हवता.

दुष्काळात हे दूध सोसायटीची जीप चालवायचे, चारा वाहायचे. तिचा डॅशबोर्ड निव्वळ लोखंडी पत्रा. त्याच्यावर ह्यांचे दोन दात पडले, पत्र्याला पोचा न्हाई! आताचा डॅशबोर्ड मऊ, पण पोटात फुगा लपवलेला. जीपवरचा ह्यांचा पितळी बैल मी तिथंच चिकटवलता. तवाच सुनीता म्हणलती,

"आजे, काढ तो. तिथं एअरबॅग लिहिलंय."

"लिहिलेलं तू वाच. बैल हलणार न्हाई."

आज फुग्यानं बैल उडवला. माझा कान फाडून तो मागच्या सीटमधी घुसला. तिथं रोज सुनीताची लेक बसती. आज ती शाळेत होती, म्हणून वाचली.

मला वाचता येत न्हाई आन् मी ऐकलं बी न्हाई. तुमाला तर वाचता येतंय. मग तुमच्या गाडीत त्याच अक्षरांवर तुमी देव कावून चिकटवलाय?