सुपडू मिस्त्रीचं गॅस्केट

माझ्या तोंडून तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. माझ्या फियाटचा हॉर्न आमच्या गावच्या इतवाऱ्यात वाजला की तिकडं शाहपुरात केळी पिकतात, हे मीच सांगत फिरतो. तिला पाहून खकनारच्या रस्त्यावर बैल बाजूला होऊन मान झुकवतात – तेही माझंच. पण एक गोष्ट कोणाला सांगितली नाही. बायकोला नाही, देवालासुद्धा नाही. ती खरी आहे, आणि खरं सांगायची मला सवय कुठं?

बसा. आधी गाडीचं ऐका.

फियाट वडिलांची. गावात आता बिनआवाजाच्या गाड्या झाल्यात – मांजरासारख्या मागून येतात, अंगाला लागेपर्यंत पत्ता नाही. माझी निघाली की तीन गल्ल्यांना कळतं. तिचे पार्ट कुठं मिळत नाहीत. तरी ती चालते. का चालते? मी सांगायचो, माझ्या धाकानं. खरं कारण एकच होतं – सुपडू मिस्त्री.

इतवाऱ्यात त्याचं गॅरेज, दोन गाड्या मावतील एवढं. जो पार्ट मिळत नाही तो हा लेथवर स्वतः घडवायचा. इंजिनाच्या सांध्यात बसतं ते गॅस्केटसुद्धा हातानं कापून बसवायचा. गावातल्या पाच-सहा जुन्या गाड्या त्याच्याच हातावर जगत होत्या. आणि त्याची एक रीत होती. गाडी परत देताना डिकीत पाण्याची कॅन ठेवायचा, लाल रंगानं ‘सुपडू’ लिहिलेली. म्हणायचा, “असीरगडच्या घाटाखाली थांबायचं भाऊ. तुम्ही चहा नका पिऊ, चालंल. पण तिला पानी पाजल्याशिवाय वर चढायचं नाही.”

चार वर्षं झाली. जावयानं नवी इलेक्ट्रिक घेतली. जेवताना म्हणाला, “मामा, आता तुमची फियाट किल्ल्यावरच ठेवून या. पुरातत्त्ववाले सांभाळतील.” बायको हसली. मुलगी हसली. मग मी गप्प बसणार? म्हटलं, उद्या सकाळी असीरगड. जो आधी वर पोचेल त्याची गाडी खरी.

घाटाखालच्या टपरीवर दहा-बारा माणसं जमली. (मी पाचशे सांगतो.) रस्त्याच्या कामानं धूळ इतकी की फियाटचा रंग दिसेना. तिच्या शेजारी जावयाची गाडी नवरीसारखी चकचकीत. जावयानं मोबाइल काढला, “थांबा मामा, फोटो घेतो.” आता – धुळीनं माखलेली गाडी फोटोत? माझी?

मी डिकीतून कॅन काढली आणि सगळं पाणी बॉनेटवर ओतलं. गमछ्यानं पुसलं. काय चमकली. कॅन उलटी धरून, छाती काढून मी उभा राहिलो. फोटो निघाला. टपरीवर माठ होता. मागितलं असतं तर पाणी मिळालं नसतं? मिळालं असतं. पण जावई गाडीत बसला होता.

दुसऱ्या वळणाला इंजिन तापल्याचा काटा लालवर गेला. मला दिसला नाही का? दिसला. वासही आला. पण ती बिनआवाजाची गाडी पुढं-पुढं चालली होती, आणि मी पाय दाबला. तिसऱ्या वळणावर भांड्यांची पेटी जिन्यावरून पडावी तसा आवाज झाला आणि इंजिन जाम.

ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी इतवाऱ्यात आणली. जुन्या गाड्यांचे मालक गोळा झाले – दवाखान्याचे डॉक्टर, शाहपूरचे केळीवाले शेठ, सगळे. सुपडूनं इंजिनाचं हेड उघडलं, आतून बोट फिरवलं. मग डिकीतली कॅन उचलून हलवली. रिकामी.

“भाऊ, पानी पाजलं व्हतं ना?”

एवढंच विचारलं त्यानं. आणि मी – ज्याला बैलाची मान झुकवता येते त्याला एवढं कितीसं जड – मी सगळ्यांदेखत म्हणालो, “पूर्ण कॅन पाजली. तुझं गॅस्केटच कच्चं बसलं होतं, सुपडू. म्हातारा झालास.”

त्यानं कॅन खाली ठेवली. म्हणाला, “आसंल.”

इंजिन त्यानंच पुन्हा उभं केलं, दीड महिना खपून. तोवर माझी गोष्ट गावभर झाली होती. मी सांगतो तर नीट सांगतो – गॅस्केट कसं फाटलं, मी दरीच्या काठावरून कसा वाचलो. डॉक्टरांनी गाडी भंगारात दिली. शेठनी जीप जळगावला न्यायला सुरुवात केली. वर्षभरात गॅरेजचं शटर पडलं.

आता सुपडू दुसऱ्याच्या दुकानात ई-रिक्षाच्या बॅटऱ्यांत पाणी भरतो. लोक म्हणतात, इलेक्ट्रिक आली अन् बिचाऱ्याचा धंदा बुडाला. हे पहिल्यांदा कोण म्हणालं? मीच.

तो फोटो माझ्या बैठकीत आहे, फ्रेम करून. कोणी नीट पाहत नाही. गेल्या दिवाळीत सुपडू फराळाला आला. चष्मा पुसून फ्रेमपुढं उभा राहिला. बॉनेटवरून ओघळणारं पाणी, माझ्या हातात उलटी कॅन, तिच्यावर त्याचं नाव. मग म्हणाला, “गाडी झकास दिसते भाऊ,” आणि चकली उचलली.

फियाट अजून चालते. त्यानं बसवलेल्या इंजिनावर, पहिल्या सेल्फला. घाटाखाली मी आता थांबतो, हे सांगून मला काही मिळवायचं नाही.

हे छापून येईल तेव्हा इतवाऱ्यात कोणीतरी टपरीवर मोठ्यानं वाचेल. लोक म्हणतील, भाऊची आणखी एक थाप. म्हणून साधं लिहितो, एक शब्द न वाढवता. पाणी मी फोटोसाठी ओतलं. काटा मला दिसला होता. सुपडूचं गॅस्केट पक्कं होतं.